एसीतला ‘गॅस संपला’ म्हणजे नेमके काय?

मे महिन्यात म्हापशातल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : “गॅस संपलाय, भरावा लागेल.” आपण पैसे देतो, खोली थंड होते आणि विषय मिटतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

मुळात हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. तो कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळला. आपली हवा दमट आणि खारी. त्यामुळे यंत्राच्या नळ्या व पत्र्या लवकर झिजतात आणि गळतीला वाट मिळते.

जुन्या एसींमध्ये बहुधा आर-२२ हा गॅस असतो. त्यातले क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचले की ओझोन नष्ट करते. हाच ओझोन सूर्याची घातक अतिनील किरणे अडवतो. अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात नवे एसी बनवताना आर-२२ वापरायला बंदी आहे.

मग नवा एसी घेताना काय पाहावे? ‘ओझोनस्नेही’ एवढे लेबल पुरेसे नाही. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत सुटला तर सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ च्या आसपास आहे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याचा परिणाम नगण्य. सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ च्या सुमारास प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनवायला सुरुवात केली. मात्र प्रोपेन म्हणजे ज्वालाग्राही गॅस. आर-३२ देखील थोडा पेट घेणारा आहे. त्यामुळे बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस प्रशिक्षितच हवा.

जुना एसी चांगला चालत असेल, तर केवळ गॅससाठी तो मोडीत काढायची गरज नाही. पण त्यात दुसरा गॅस भरू देऊ नका. आर-४१०ए चा दाब आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतो आणि त्याला तेलही वेगळे लागते. आर-२२ च्या यंत्रात प्रोपेन भरणे तर सरळ धोक्याचे, कारण ते यंत्र ज्वालाग्राही गॅससाठी बनवलेलेच नाही.

मेकॅनिक आला की तीन गोष्टी सांगा : आधी गळती शोधून बंद करा; भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढा; गॅस पट्टीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणेच भरा. एसी भंगारात देताना नळी कापून गॅस हवेत सोडू नये, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगावे.

१६ सप्टेंबरचा ओझोन दिन चतुर्थीच्या मागेपुढेच येतो. सणासाठी घर आवरताना एकदा बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा. आपल्या घरात कोणता गॅस आहे, हे कळले की पुढच्या मे महिन्यात काय विचारायचे तेही कळेल.