शनवार तेल्यांचा शनिवार

अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड या पट्ट्यातल्या बेने इस्रायल यहुद्यांना शेजारपाजारचे लोक ‘शनवार तेली’ म्हणत. तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा त्यांचा नेम. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. एखाद्या समाजाचे नावच त्याच्या आठवड्याच्या सुटीवरून पडावे, असे उदाहरण विरळाच. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि तिथे शनिवार ही अवघ्या देशाचीच सुटी निघाली. कोकणात ज्या दिवसाने त्यांना यहुदी म्हणून वेगळे काढले, त्याच दिवशी इस्रायलमध्ये ते मराठी म्हणून वेगळे उठून दिसू लागले.

समाजाची परंपरागत कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू होते. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला, असे ही कथा सांगते. कथेचा काळ कोणालाच नेमका ठरवता आलेला नाही, पण या लोकांची गावे मात्र आडनावांतून सरळ वाचता येतात: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चौलकर, झिराडचे झिराडकर. सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला, जुनी माणसे मशीदच म्हणत. मुंबईतले मशीद बंदर हे नावही १७९६ मध्ये सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी उभारलेल्या सिनेगॉगवरून पडल्याचे सांगतात.

इस्रायलमध्ये पोचलेल्या या कुटुंबांना घरे मिळाली ती बरीचशी नव्याने वसवल्या जाणाऱ्या गावांत. दिमोना, येरुहाम, बीरशेबा ही नेगेव्हच्या वाळवंटातली. लोद आणि रामला मध्य भागातली. अश्दोद तेवढे समुद्रकाठचे. १९५५ मध्ये वसलेल्या दिमोनाला पुढे ‘छोटा भारत’ म्हणू लागले. नारळी-पोफळीच्या बागांतून आलेल्या माणसांनी गिरणीत आणि कारखान्यात पाळ्या केल्या, हिब्रू आत्मसात केली. मनाला लागलेला घाव वेगळाच होता. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. हजारो वर्षे शनिवार पाळल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या समाजाला ‘तुम्ही खरे यहुदी का’ असे विचारले गेले. जेरुसलेममध्ये धरणे झाले आणि १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. समाजाच्या संघटना आणि मंडळे पुढे घट्ट झाली, त्यात या लढ्याचा वाटा मोठा.

तिथला सुटीचा दिवस, म्हणजे शब्बाथ, कसा असतो, हे कळले की बाकीचे सामाजिक जीवन आपोआप उलगडते. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी दुपारपासून दुकाने मिटू लागतात, बहुतेक शहरांत सार्वजनिक बस थांबतात, आणि शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत हे असेच चालते. रविवारी सकाळी पुन्हा काम. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्या पहिल्या पिढीला लोदच्या बहिणीकडून दिमोनाला शनिवारी दुपारी परतणे शक्यच नव्हते. शुक्रवारच्या शेवटच्या बसने जायचे आणि शनिवारी रात्रीच निघायचे. उभ्या उभ्या भेट हा प्रकार उरला नाही. गेले की मुक्काम, आणि मुक्काम म्हटला की गप्पा, पत्ते, गाणी आणि जेवणावळ.

स्वयंपाकाची गंमत यात सर्वांत मोठी. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून दोन्ही दिवसांचे जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधी तयार हवे. माशाचे कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरते हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. धर्माचा नियम आणि जिभेची आवड इथे आयती जुळली. मासा मात्र खवल्यांचा आणि परांचा हवा, त्यामुळे कोळंबी आणि खेकडे अलिबागेतही ताटाबाहेरच होते. मटणाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही. ही अडचण कोकणात नारळाने सोडवली होती आणि मटणाच्या रश्शात नारळाचे दूध पडत होते. नेगेव्हमध्ये नारळ पिकत नाही. खोबरे, पोहे, वाल, मसाले हे सारे दुकानातून आणायचे, म्हणून भारतीय वाणसामानाचे दुकान हा शुक्रवार सकाळचा मराठी अड्डा बनतो. शब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षारस लागतो. कोकणात तो मिळत नसे, तेव्हा मनुका भिजवून त्यांचे पाणी वापरत. इस्रायलमध्ये ती अडचण राहिली नाही. काही सणांची मराठी नावेही जेवणावरूनच पडलेली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास सोडतात तो ‘बिरड्याचा सण’, आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला येणारा ‘खिरीचा सण’. मंदिर पडल्याचे दुःख वालाच्या बिरड्याशी जोडणारी दुसरी भाषा जगात नसावी.

शनिवारची रात्र मलिद्याची. शब्बाथ सरताना संदेष्टा एलियाहूचे गीत म्हणण्याची रीत जगभरच्या यहुद्यांत आहे. बेने इस्रायल त्याला मलिद्याची जोड देतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची आणि सुकामेवा एका ताटात कालवतात, भोवती फळे मांडतात, एलियाहू हन्नबीचे गीत गातात आणि ताट सर्वांत वाटतात. नवे घर, लग्न, परीक्षा, सैन्यातून सुखरूप परतलेला मुलगा, असे कोणतेही निमित्त पुरते. नवससुद्धा याच ताटाने फेडतात. पोलंड किंवा मोरोक्कोहून आलेल्या यहुद्यांना हा विधी अनोळखी. कोकणात दर्ग्यातला मलिदा पाहिलेल्यांना मुळीच नवा वाटणार नाही. लग्नाआधीची मेहंदी हाही असाच जमण्याचा मोठा प्रसंग. तिथे हिरव्या बांगड्या आणि साड्या पेटीतून बाहेर निघतात.

पुरुषांचा शनिवार बराचसा मैदानावर गेला. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या त्या देशात क्रिकेट टिकले ते भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडमधून आलेल्यांमुळे. इस्रायल १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत आले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांचे संघ प्रामुख्याने बेने इस्रायलांचे. सामने बहुधा शनिवारी, म्हणून कडक शब्बाथ पाळणाऱ्यांना बॅट हातात घेता येत नाही. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या पहिल्या आयसीसी ट्रॉफीत इस्रायलचा संघ उतरला तेव्हा श्रीलंकेने त्यांच्याशी खेळण्यास नकार देऊन सामना सोडला, आणि तरीही स्पर्धा श्रीलंकेनेच जिंकली.

वाचणाऱ्यांसाठी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८०च्या दशकापासून इस्रायलमधून निघत आले. नोहा मस्सील यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. ऐकणाऱ्यांसाठी कीर्तन होते. हिंदू कीर्तनाचा साचा घेऊन त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावण्याची चाल या समाजाने १८८०च्या सुमारास मुंबईत पाडली. ती समुद्रापलीकडे गेली आणि पुढे तिथल्या स्त्रियांनी उचलून धरली. १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषदही इस्रायलमध्ये भरली. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आणि ऐलातला ‘होदूयदा’ मेळावा, ज्यात नाच-गाण्यांबरोबर सगळ्या देशातले भारतीय यहुदी एकत्र येतात, हे मोठे जमाव. ‘होदू’ म्हणजे हिब्रूत भारत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना गणपती जवळच्या शनिवार-रविवारी ढकलावा लागतो. इस्रायलमध्ये यहुदी सणांना सरकारी सुटी असल्याने ती ओढाताण नाही. पुढेमागे सरकवावा लागतो तो फार तर १ मे.

तिसरी पिढी हिब्रूत बोलते. आजीशी मराठीतून दोन वाक्ये, मलिद्याचे ताट आणि सुटीतला क्रिकेट सामना एवढे तिच्याकडे सर्रास असते. ‘मायबोली’ मात्र ती वाचू शकत नाही. नियतकालिकाचे भवितव्य त्यामुळे ज्येष्ठांच्या चष्म्यांवर अवलंबून आहे.

१९९२ मध्ये दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि ये-जा सोपी झाली. तेव्हापासून सुटी काढून अलिबागला येणे हाही या समाजाचा एक कार्यक्रम झाला. नवगावचे स्मारक, अलिबागची इस्राएल आळी आणि तिथले मागेन आबोथ सिनेगॉग बघायचे, मग खंडाळा गावाजवळच्या कातळावर जायचे. एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा या कातळावर आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे मलिदा होतो. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. रायगडात आता मोजकी घरे उरल्याने ते जमणे अवघड असते. इस्रायलहून पाहुण्यांची बस आली की संख्या भरते.