पाणी आणि हवा – ७ : हवेपुढे दोन आकडे का?

खारे वारे आणि मतलई यांना आणखी आठवडाभर थांबावे लागणार. त्याला कारण रत्नागिरीकडच्या एका शिक्षिकाबाईंचे पत्र. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ आणि हवेची ०.२४ असे गेल्या वेळी लिहून मी मोकळा झालो होतो. बाईंच्या घरातल्या जुन्या कोष्टकात मात्र हवेपुढे ०.२४ आणि ०.१७ असे दोन आकडे आहेत, पाण्यापुढे एकच. यातला खरा कुठला, असे त्या विचारतात.

दोन्ही खरे आहेत. पण या प्रश्नापायी मला माझ्या आवडत्या गोष्टीकडे वळायला निमित्त मिळाले, ते मी सोडणार नाही.

आधी मापनाचे बोलू. पाण्याचे सोपे असते, हवेचे महाकठीण. लिटरभर पाणी एक अंशाने तापवायला १००० कॅलरी लागतात, लिटरभर हवेला जेमतेम ०.२९. ती हवा ज्या काचेच्या फ्लास्कमध्ये भरायची, तो दोनशे ग्रॅमचा धरला तरी एकटाच ४० कॅलरी गिळतो. म्हणजे पोत्यांच्या काट्यावर मोहरी तोलण्यातला प्रकार. पॅरिसमध्ये देलारोश आणि बेरार या दोघांनी यावर युक्ती काढली. हवा कोंडून ठेवायचीच नाही. शंभर अंशांच्या आसपास तापवलेली हवा संथ, एकसारख्या वेगाने पाण्यात बुडवलेल्या नागमोडी नळीतून सोडत राहायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे. १८१३ साली त्यांना यासाठी पारितोषिक मिळाले. हवेसाठी त्यांचा आकडा होता ०.२६७. थोडा जास्तच, पण पुढची कित्येक वर्षे सगळे तोच वापरत.

नळीतून वाहणारी हवा थंड होताना मोकळेपणी आकसते. तापवताना तशीच पसरते. पसरताना तिला भोवतालचे वातावरण मागे रेटावे लागते आणि त्या कष्टाचा खर्च उष्णतेतूनच भागतो. घट्ट बंद भांड्यात रेटारेटी नाही, म्हणून तिथे ०.१७ वर भागते. हा दुसरा आकडा थेट मोजणे तर अधिकच अवघड. तो आवाजाच्या वेगावरून काढीत. पाणी तापले तरी नावापुरतेच फुगते, म्हणून त्याचे दोन आकडे जवळजवळ एकच. ४ अंशांना, जिथे पाणी फुगतही नाही आणि आकसतही नाही, तिथे तर फरक उरतच नाही.

आता रॉबर्ट मायर. जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा हा डॉक्टर १८४० मध्ये एका डच जहाजावर जावाला गेला. तिथे खलाशांच्या शिरेतले रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण हवेत शरीराला कमी जाळावे लागत असेल, असा विचार करता करता तो उष्णता आणि काम यांच्या हिशेबापर्यंत पोहोचला. हवेच्या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे वातावरण रेटण्याचे काम, हे त्याने धरले आणि १८४२ साली उत्तर छापले. एक अंश तापायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी ३६५ मीटर उंच उचलता येईल! आजचा आकडा ४२७ आहे. मायरचे तर्कशास्त्र चोख होते. त्याला घाटा आणला तो प्रामुख्याने पॅरिसच्या त्या ०.२६७ ने. पुढे रेन्योने तीच वाहत्या हवेची पद्धत कमालीच्या काटेकोरपणे वापरून ०.२३७ च्या आसपासचा आकडा काढला.

इंग्लंडात जूलने पाण्यात वल्ही फिरवून हेच नाते प्रयोगाने मोजले, आणि अचूकपणाचा मान निर्विवाद त्याचाच. तरीही मला मायरचे गणित जास्त देखणे वाटते. दुसऱ्यांनी मोजून ठेवलेले आकडे उचलून त्याने त्यांत कुणालाच न दिसलेली गोष्ट पाहिली. त्याच्या वाट्याला आधी आली ती उपेक्षाच. १८५० मध्ये त्याने खिडकीतून उडी घेतली, त्यातून वाचला, पुढे वेड्यांच्या इस्पितळातही राहून आला. रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक जूलला १८७० मध्ये मिळाले, मायरला १८७१ मध्ये.

बाईंच्या वर्गासाठी एक गणित देतो. शून्य अंशाला एक ग्रॅम हवा ७७३ घनसेंटिमीटर जागा व्यापते आणि एका अंशाने तापवली की २७३ वा भाग फुगते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०३३ ग्रॅम. या तिन्हींवरून रेटण्याचे काम ग्रॅम-मीटरमध्ये काढा, त्याला ०.२४० वजा ०.१७१ या फरकाने भागा. उत्तर ४२४ च्या आसपास यायला हवे. आले नाही तर वही माझ्याकडे पाठवा. खारे वारे पुढच्या आठवड्यात, नक्की.