वस्तू शहरात, जाणकार जंगलात

भामरागड तालुक्यातल्या माडिया गावांच्या आसपास जमिनीत रोवलेले उभे दगड दिसतात. गेलेल्या माणसाच्या नावाने ते उभे केले जातात. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. तिथे अभ्यासकांना उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून अंदाज बांधावे लागतात. भामरागडात मात्र दगड कोणाचा, तो कुठून आणला, त्या दिवशी काय विधी झाले, हे सांगणारी माणसे अजून आहेत. संस्कृतीच्या संग्रहालयाचा विचार या फरकापासून सुरू व्हायला हवा. आपण वस्तू बऱ्यापैकी जमवल्या. त्या वस्तूंविषयी बोलणाऱ्याला मात्र संग्रहात जागा दिली नाही.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, 1863 मध्ये स्थापन झाले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे, राज्यातल्या आदिवासी जमातींच्या वस्तूंचे स्वतंत्र संग्रहालय आहे. या संस्थांनी जपले नसते तर कितीतरी दागिने, वाद्ये, शिकारीची साधने केव्हाच नाहीशी झाली असती. पण काचेच्या कपाटातला साधा तुंबा पाहा. खाली वस्तूचे नाव, जमात आणि जिल्हा एवढेच लिहिलेले असले, तर पाहणाऱ्याला सुकलेला भोपळा दिसतो. तो वेलीवरच जून होऊ द्यावा लागतो, पोखरून वाळवावा लागतो, मग रानात जाताना त्यातून पाणी किंवा आंबील नेता येते. कोणता आकार कशासाठी निवडायचा, हे वापरणाऱ्यालाच ठाऊक. ही माहिती गळली की उरतो तो नुसता नमुना.

याला उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न भोपाळला झाला. 1977 मध्ये दिल्लीत सुरू झालेले राष्ट्रीय मानव संग्रहालय दोन वर्षांनी तिथे हलले. श्यामला टेकडीवर सुमारे 200 एकरांत पसरलेल्या या संग्रहालयात वेगवेगळ्या जमातींची घरे त्या त्या समाजातल्या कारागिरांनी येऊन बांधली. माती, बांबू, गवताची घरे उन्हापावसात टिकत नाहीत. ती पुन्हा शाकारावी, लिंपावी लागतात आणि त्यासाठी जाणता हात लागतो. म्हणजे तिथे घराइतकेच ते बांधण्याचे कसबही जपावे लागते. तरीही भामरागडच्या माणसाला भोपाळ परकेच. आपल्या आजोबांच्या वस्तूखालची चुकीची नोंद दुरुस्त करायला तो एवढ्या लांब जाणार कसा? म्हणून असा संग्रह भामरागड तालुक्यातल्याच हेमलकशासारख्या ठिकाणीही हवा.

यावर पहिला आक्षेप वाळवीचा आणि दमट हवेचा. तो खरा आहे. जुन्या, दुर्मीळ वस्तू शहरातल्या सुरक्षित दालनातच राहाव्यात. पण तुंबा, टोपली, फणी या पुन्हा पुन्हा घडवल्या जाणाऱ्या वस्तू आहेत. त्या घडवणारे हात शिल्लक राहिले, तर वाळवीचे भय निम्मे कमी होते. दुसरा आक्षेप असा की नागपूरहून तीनशे किलोमीटरपेक्षा दूर हे पाहायला येणार कोण? बाहेरचे पाहुणे लोकबिरादरी प्रकल्पामुळे हेमलकशाला येतातच. पण खरा प्रेक्षक तिथल्या शाळेतला. 1976 पासून चाललेल्या या शाळेत शिकणारी मुले मराठी शिकतात, बाहेरच्या जगात वावरू लागतात. आजीकडचे ज्ञान त्यांनी लिहून ठेवले नाही, तर दुसरे कोण ठेवणार?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्यांना दवाखाना आणि बारमाही रस्ता हवा, त्यांच्या हाती संग्रहालय देणे ही थट्टा नव्हे का? आणि त्यातून माणसेच प्रदर्शनाच्या वस्तू होणार नाहीत का? दवाखाना आधी, हे निर्विवाद. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी मुख्यतः वैद्यकीय सेवेलाच वाहून घेतले. पण आजार बरा करण्यासाठी स्मृती सोडून द्यावी लागते असे नाही. राहिला प्रदर्शनाचा धोका. तो टाळण्याचा मार्ग कायद्यात आहे. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. देवाची कोणती वस्तू कपाटात ठेवायची नाही, कोणते गाणे ध्वनिमुद्रित करायचे नाही, हे तिनेच ठरवावे.

यासाठी आलिशान इमारत लागत नाही. शहरातल्या संग्रहालयांनी आपल्याकडच्या माडिया वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी हेमलकशाला पाठवाव्यात; तिथल्या जाणत्यांनी त्या तपासाव्यात, चुका काढाव्यात, माडिया भाषेत सांगितलेली माहिती मुलांनी देवनागरीत उतरवावी; आणि दुरुस्त नोंद सांगणाऱ्याच्या संमतीने, हवे असल्यास त्याच्या नावासह, शहरातल्या कपाटाखाली लागावी. एखादा संग्रह ‘राष्ट्रीय’ म्हणवून घेतो, तेव्हा त्यात काय लिहायचे हे ठरवण्याचा हक्कही राष्ट्रातल्या सगळ्यांना मिळायला हवा. वस्तू ज्यांची, त्यांना तर सर्वांआधी.