शेततळ्याच्या अस्तराची डागडुजी

शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर पुष्कळदा अवघे ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड असते. उन्हाळ्यात माळव्यातील रोही पाण्यासाठी उतरतो, घसरतो, आणि गुळगुळीत उतारावरून वर येण्याची धडपड करताना त्याच्या खुरांनी अस्तर फाटते. उंदीर-घुशी खालून कुरतडतात ते निराळेच.

पाणी कोठवर उतरून थांबते हे प्रथम पाहावे. भोक बहुधा त्याच पातळीवर सापडते. भोकाखाली बीळ असल्यास ते चिकणमातीने भरून ठोकावे, नाहीतर पाण्याच्या भाराने ठिगळही खचते. मग जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. ठिगळ अस्तराच्याच जातीचे, चहूकडून वीतभर मोठे घ्यावे आणि कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा लवकर उचलला जातो. पॉलिथिनला साधे चिकटद्रव्य धरत नाही. म्हणून तप्त हवेच्या यंत्राने दोन्ही थर मऊ करून, रुळाने दाबून सांधतात.

परंतु तहान आहे तोवर जनावर पुन्हा येणारच. तळ्याला कुंपण घालावे, बाहेर पाण्याचा लहान हौद ठेवावा, आणि आत गाठींचा दोर व खडबडीत जाळीची वाट सोडावी. त्यायोगे अस्तर टिकते. पडलेल्या जनावराचा, प्रसंगी माणसाचाही, जीव वाचतो.