टीव्हीवरचे घड्याळ आणि खोडलेली किंमत

आमच्या दुकानात थान उलगडणारे एक जुने चाचा आहेत. मुलीच्या निकाहनंतर जावयाला काही द्यावे म्हणून त्यांनी टीव्हीवर पाहून एक घड्याळ मागविले. पडद्यावर किंमत होती ७,९९९ रुपये, तीवर लाल रेघ, आणि खाली मोठ्या अक्षरांत १,४९९. "अठरा कॅरेट गोल्ड", असे विकणारी बाई पुन:पुन्हा सांगत होती. जावई पक्का नमाजी. पुरुषाला सोने हराम, म्हणून त्याने ते घड्याळ अदबीने कपाटात ठेवून दिले. शेवटी घड्याळजीकडे नेले तेव्हा कळले की पितळेवर सोन्याचा नावापुरता मुलामा आहे. जावई हसला. चाचांना मात्र हसू आले नाही. त्यांचा जवळजवळ आठवड्याचा पगार गेला होता.

आम्ही कापडवाले. 'सिल्क फिनिश' म्हणजे सिल्क नव्हे आणि 'कॉटन लुक' म्हणजे कॉटन नव्हे, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. घड्याळाच्या बाजारातही तीच बोली चालते. 'गोल्ड प्लेटेड' म्हणजे मुलामा. तेथे कॅरेटचा आकडा त्या पातळ थराचा असतो, घड्याळाचा नव्हे. 'गोल्ड टोन' म्हणजे तर केवळ रंग. 'स्विस मेड' या शब्दांना स्वित्झर्लंडच्या कायद्याचा आधार आहे. मशीन स्विस हवे, ते डबीत तेथेच बसविलेले हवे, शेवटची तपासणी तेथे झालेली हवी, आणि १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग त्या देशातला हवा. 'स्विस मुव्हमेंट' म्हटले की फक्त आतल्या मशीनची गोष्ट झाली. डबी, तबकडी, पट्टा कोठलाही असू शकतो. 'जपान मुव्हमेंट'चेही तसेच. जपानी मशीन वाईट असते असे नाही. आपल्या एचएमटीने १९६१ साली घड्याळे सुरू केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानेच. पण साध्या क्वार्ट्झ मशीनची किंमत फार नसते. देशाचे नाव मोठ्याने घेऊन सबंध घड्याळाचा दाम त्या नावावर चढवायचा, हा खरा डाव आहे.

'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' हे वाचून कोणी तीस मीटर खोल पाण्यात उतरू नये. तो प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आकडा आहे. पावसाचे चार थेंब, वजूच्या वेळचे शिंतोडे, एवढेच ते घड्याळ सोसते. पोहायचे असेल तर १०० मीटरचे पाहावे.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठा फरेब त्या लाल रेघेत आहे. लोकांना वाटते, छापील किंमत सरकार ठरविते. तसे नाही. घड्याळाच्या पेटीवरील एमआरपी बनविणारा किंवा आयात करणारा स्वत:च छापतो. तिच्यापेक्षा जास्त घेण्यास कायद्याची मनाई आहे. पण मुळात ती किती फुगवावी यावर बंधन असे नाही. १,४९९ लाच विकायचे ठरलेल्या मालावर ७,९९९ छापले की ६,५०० रुपयांची 'बचत' कागदावर तयार होते. त्या किमतीला ते घड्याळ कोणी कधी घेतले होते काय, एवढेच गिऱ्हाइकाने विचारावे. सेलच्या आठवड्यापूर्वी चिठ्ठ्या बदलणारे आमच्याही बाजारात आहेत, हे कबूल केले पाहिजे.

शेजारी आकडा उतरत असतो : उरले फक्त नऊ, आठ, सात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कार्यक्रम. घेण्याचा इरादा नसताना बोली चढवून दुसऱ्याला फसविणे याला शरिअतमध्ये 'नजश' म्हणतात आणि त्याला मनाई आहे. हा उतरता आकडा त्याचाच भाऊबंद दिसतो. धान्याच्या ढिगात हात घालून खालचा ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांचे (स.) आम्ही नाव घेतो, तेव्हा मालाचा ऐब गिऱ्हाइकासमोर ठेवणे आमच्यावर आलेच.

कायदा आता पूर्वीपेक्षा बरा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करावा; पुष्कळदा तेवढ्यानेच पैसे परत मिळतात.

मात्र पुरावा हवा. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, जाहिरातीचा फोटो घ्यावा, पावती जपावी. पेटी तर मुळीच टाकू नये. बनविणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर तिच्यावरच असायला हवा.

चाचांची पेटी घरातील मुलांनी केव्हाच रद्दीत घातली होती. पावतीवर फक्त कुरिअरचा शिक्का होता. तक्रार कोणाविरुद्ध लिहावी, येथेच आमची गाडी अडली.