डोंगराचं देणं

पालघर जिल्हा शासनाने १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण केला. त्याच्या सोळा वर्षं आधी, २२ मे १९९८ रोजी, मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला आज ज्यात हेच आठ तालुके आहेत तो प्रदेश आला: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. किनाऱ्यावरची केळीची वाडी आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा पाडा एकाच घरातले मानण्याचं काम कॅथलिक चर्चने सरकारच्या आधी केलं, ही लहान गोष्ट नाही. पण नकाशावर जे एक झालं, ते माणसांमध्ये किती एक झालं? गेल्या पाव शतकाचा मागोवा घेताना हा प्रश्न टाळता येत नाही. तलासरीपासून मोखाड्यापर्यंत मिशनच्या शाळा, वसतिगृहं आणि दवाखाने उभे आहेत, व्रतस्थ फादर-सिस्टरांनी तिथे उमेदीची वर्षं घातली आहेत. वसईतल्या सामान्य ख्रिस्ती घराचा मात्र डोंगराशी संबंध बहुतेक देणगीच्या पाकिटापुरता राहिला. हे पाकीट पुरेसं नाही. वसईच्या तरुणांनी डोंगरातल्या शेतीवर सेवेचं एक अखंड वर्ष द्यायला हवं, आणि तेही दान म्हणून नव्हे, तर देणं म्हणून.

सेवेसाठी एक वर्ष बाजूला काढण्याची कल्पना ख्रिस्ती जगात नवी नाही. महायुद्धानंतरच्या जर्मनीत, १९५४ साली, बव्हेरियातल्या नॉयनडेटेल्साऊ इथल्या सेविकांच्या संस्थेचे प्रमुख हर्मन डीट्झफेल्बिंगर यांनी तरुणांना आवाहन केलं, की आयुष्यातलं एक वर्ष आजारी आणि निराधार माणसांसाठी द्या. दहा वर्षांत, १९६४ मध्ये, या प्रथेला तिथे कायद्याचं रूप मिळालं. तिथे रुग्णालयं आणि वृद्धाश्रम डोळ्यासमोर होते, त्यामुळे वर्षाऐवजी दहा किंवा चौदा महिने धरले असते तरी फारसं बिघडलं नसतं. शेतीचं तसं नाही. शेतात वर्ष हे जमिनीने आणि पावसाने ठरवलेलं माप आहे, त्यातला एक तुकडा काढून घेतला तर बाकीच्याचा अर्थ लागत नाही.

जव्हार-मोखाड्याकडचं वर्ष पाहा. उन्हाळा संपता संपता राब, म्हणजे रोपांसाठीचा जमिनीचा तुकडा, भाजायचा, पावसाची चाहूल लागली की पेरायचं, रोपं तरारली की चिखलात उभं राहून आवणी करायची. उतारावर नाचणी आणि वरई. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपलेलं असतं आणि शेतातलं अजून तयार नसतं. याच पट्ट्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालकं दगावली आणि सगळ्या महाराष्ट्राला जव्हारची ओळख नको त्या कारणाने झाली. मग कापणी, झोडणी, आणि दिवाळी सरली की पाडे ओस पडू लागतात. घेतलेली उचल फेडायला कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, भिवंडीकडे, ठाण्याकडे, आपल्या वसईच्या पूर्वपट्टीतही. शिमग्याला काही दिवस परततात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर पाड्यात पुन्हा चुली पेटतात. जो नाताळात कपडे वाटायला जातो, तो झोडणीनंतरचा, त्यातल्या त्यात बरा महिना पाहून येतो. जो प्रायश्चित्तकाळातली वर्गणी पोचवायला जातो, त्याला दारात बसलेली म्हातारी माणसं भेटतात, कारण ज्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली ते कदाचित वर्गणी गोळा करणाऱ्या चर्चपासून दहा किलोमीटरवर विटा थापत असतात. भाद्रपदातलं रिकामं मडकं दोघांनाही दिसत नाही. ते पाहायला चिखलात पाय टाकल्यापासून भाताच्या कणग्या रिकाम्या होईपर्यंत तिथे राहावं लागतं.

राहिल्याने काय साधतं, याचे दाखले मराठी मुलखातच आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं ते अमेरिकेतल्या मित्रमंडळाच्या आधारावर, आणि हा आधार दहा वर्षांपुरता होता. तो संपल्यावर काय, याचं रमाबाईंनी शोधलेलं उत्तर जमीन हे होतं. केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जागा घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं हा हेतू होता. दुष्काळ आला तेव्हा तीच जागा शेकडो मुली-बायांचा आसरा झाली. परदेशातून आलेल्या स्वयंसेविका तिथे राबल्या, पण त्या केडगावच्या दिनक्रमात सामावल्या. केडगाव त्यांच्या सोयीने चाललं नाही. दुसरा दाखला फादर हर्मन बाखर यांचा. हे स्विस येशूसंघीय १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात अनेक दशकं राबले. विहिरी, पंप, कर्ज असे उपाय करत करत ते पाणलोटापर्यंत पोचले. १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची सुरुवात झाली, त्यामागे त्यांचा ध्यास होता. त्या कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता, पण अट गावाला होती: आधी श्रमदान करा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरवा, समिती तुमची नेमा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या उजाड गावात डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं आणि ते गावाच्या हातात राहिलं. केडगाव आणि नगर या दोन्ही ठिकाणी काम टिकलं, कारण बाहेरून आलेल्या माणसाने जमिनीचा वेग स्वीकारला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली नाही.

आता वसईकडे वळू. देणं हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत वसईच्या बागायतीतल्या विहिरींना पंप लावून टँकर भरले जाऊ लागले. पाण्याची पातळी खाली गेली, समुद्राचं खारं पाणी आत सरकलं, पानवेली आणि केळी सुकू लागल्या. ज्या बावखलांनी, म्हणजे वाड्यांमधल्या तळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरवलं, ती भरणी टाकून बुजवली गेली. हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा लोक हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली रस्त्यावर आले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो या लढ्याच्या अग्रभागी होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेले हेच दिब्रिटो, २५ जुलै २०२४ रोजी गेले. आमच्या जमिनीखालचं पाणी आधी आमच्या पिकाचं, मग शहराचं, हे त्या लढ्याचं सूत्र होतं आणि ते न्याय्य होतं. पण शहर थांबलं नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली, आणि या शहराची तहान भागवायला पाणी आलं ते सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. हे धरण डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी बांधलं होतं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा आहे. सिंचनाचं पाणी शहरांकडे वळवू नका म्हणून तिथले आदिवासी आणि शेतकरी अनेक वर्षं आंदोलन करत आले. टँकरने आपल्या विहिरींचं जे केलं, तेच आपल्या नळांनी सूर्याकाठच्या शेतांचं केलं. ही तुलना कटू आहे, पण खोटी नाही. आपल्या इमारतींच्या विटा डोंगराच्या हातांनी थापल्या आणि आपल्या टाक्या डोंगराच्या पाण्याने भरल्या.

यावर कोणी म्हणेल, हे पाणी बारा लाख माणसं पितात, मग फेड ख्रिस्ती समाजानेच का करायची? फेड सगळ्यांनीच करावी. पण पाणी गेलेल्या शेताचं दुःख या शहरात बागायतदार कुपारी, वाडवळ आणि त्यांच्या शेजाऱ्यांइतकं कोणाला कळणार? ज्याला ते कळतं त्याने आधी उठावं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ख्रिस्ती माणूस आदिवासी पाड्यात वर्षभर राहिला की धर्मांतराचा संशय येणारच. हा संशय हवेतून आलेला नाही. पोर्तुगीज काळातल्या सक्तीची आठवण वसईला आहे. शारदासदनातल्या धार्मिक वातावरणावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले, याचीही नोंद इतिहासात आहे. म्हणून नुसतं 'आमचा तसा हेतू नाही' म्हणून भागणार नाही, कामाचा साचाच असा हवा की संशयाला जागा राहू नये. मदतीला श्रद्धेची अट नको, कार्यक्रम ग्रामसभेने ठरवावा, हिशेब पाड्यात उघडपणे वाचून दाखवावा. बाखरांच्या पाणलोटात अडलेलं पाणी ज्या विहिरींत उतरलं, त्या बहुतेक हिंदू शेतकऱ्यांच्या होत्या, आणि त्यामुळे त्या फादरचं ख्रिस्तीपण तसूभरही कमी झालं नाही. शेजाऱ्याचं शेत पिकावं ही इच्छा शुभवर्तमानात पूर्ण बसते; त्यापुढे काही मिळवायची गरज नाही.

तिसरा आक्षेप पाड्यातूनच येईल आणि तो सर्वांत खरा आहे: वारली शेतकऱ्याला भात लावायला वसईचा पदवीधर काय शिकवणार? काहीच नाही. आवणीत तो पहिले पंधरा दिवस अडचणच होईल आणि यजमानाच्या भाकरीवर भार पडेल. म्हणून त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च त्याच्या धर्मग्रामाने उचलावा, आणि त्याने स्वतःला शिकाऊ समजावं. पण वसईकडे दोन गोष्टी आहेत, ज्या डोंगराला उपयोगी पडतात. एक, बाजाराची जाण. पहाटेच्या गाडीने फुलं दादरला पोचवण्याचा अनुभव वसईच्या वाड्यांना पिढ्यांचा आहे, आणि विक्रमगड-जव्हारकडचे आदिवासी शेतकरी आता मोगरा घेऊ लागले आहेत. फूल कधी खुडावं, कसं बांधावं, आडत्याशी कसं बोलावं, पट्टी कशी तपासावी, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. दुसरी गोष्ट कागदांची. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्याखाली कसत्या वनजमिनीचा दावा लिहिणं, पुरावे जोडणं, मोजणीच्या वेळी हजर राहणं, अपील करणं यात शिकलेल्या तरुणाचं वर्ष खरोखर कारणी लागतं. ज्याच्या हातात जमिनीचा कागद आहे, तो बांध घालतो, झाड लावतो, आणि दिवाळीनंतर भट्टीची उचल घेण्याआधी दोनदा विचार करू शकतो.

उरतो एक प्रश्न, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. वसईच्या घरांतच शेती सुटत चालली आहे. वाडी विकली जाते, रहाट शोभेला उरतो, मुलगा नोकरीला किंवा परदेशात जातो. ज्यांनी स्वतःची माती सोडली ते दुसऱ्याच्या मातीत काय सेवा करणार? याचं उत्तर उलट्या बाजूने द्यावं लागतं. माती का सोडू नये हे वसईच्या मुलांना शिकवायला आता वसईत पुरेशी माती उरलेली नाही. डोंगरात ती आहे, आणि तिच्यावर जगणारी माणसंही आहेत.

म्हणून वसईच्या धर्मग्रामांना, युवा मंडळांना आणि पदवीचा निकाल हातात घेऊन बसलेल्या मुलामुलींना ही विनंती. येत्या मे महिन्यात, राब भाजण्याच्या दिवसांत, प्रत्येक धर्मग्रामाने निदान दोघांना डोंगरात पाठवावं, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत परत बोलावू नये.