एलएलबीसोबत आणखी एक पदवी? (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण एलएलबीच्या प्रवेशाची पात्रता पाहिली. आता तिला लागूनच येणारा प्रश्न: जबलपूरला एलएलबी करता करता एमए किंवा एमकॉमही पदरात पाडून घेता येईल का?

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या शिकायला मुभा दिली. दोन्हींचे वर्ग प्रत्यक्ष भरणार असतील, तर वेळा एकमेकींवर येऊ नयेत एवढी अट. त्यावरून कित्येक घरांत हिशेब मांडला गेला: सकाळी लॉ कॉलेज, दुपारी एमए. पण त्याच सूचनांत म्हटले आहे की व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदांचे नियम लागू राहतील. कायद्याच्या बाबतीत ती परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया, आणि तिच्या २००८ च्या नियमावलीतला सहावा नियम एलएलबीबरोबर दुसऱ्या नियमित पदवीला नाव नोंदवायला मनाई करतो. एकात्मिक अभ्यासक्रम, दूरशिक्षण आणि भाषा किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ प्रमाणपत्र वर्ग यांना तेवढी सूट आहे.

इथे बाबासाहेबांचे उदाहरण हमखास पुढे येते. १९१६ मध्ये त्यांनी लंडनला ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. मध्ये खंड पडला, तरी १९२२ मध्ये ते बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डीएससी झाले. मात्र तेव्हाच्या इनमध्ये रोजची हजेरी नव्हती. ठरलेल्या सत्रांत तिथे जाऊन जेवणे आणि परीक्षा देणे, यावर बॅरिस्टरी मिळे. आपल्याकडे एलएलबीला आठवड्याला किमान ३० तास वर्ग आणि ७० टक्के हजेरी लागते. त्यात दुसरी नियमित पदवी बसवायची तर कुठली तरी हजेरी खोटी लागणार, आणि ज्याला उद्या कोर्टात शपथपत्रे करायची आहेत त्याने सुरुवातच खोट्या सहीने करावी, हे मला अजिबात पटत नाही. दूरशिक्षणाची सूट मात्र शहाणपणाची आहे.

सप्टेंबर २०२४ पासून हा मामला आणखी कडक झाला. शिकत असताना दुसरी नियमित पदवी घेतलेली नाही, असे विद्यार्थ्याने लिहून द्यायचे; त्याशिवाय अंतिम गुणपत्रिका आणि पदवी द्यायची नाही, असे बार कौन्सिलने कॉलेजांना कळवले. म्हणजे जबलपूरच्याच राज्य बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज पोचण्याआधी अडचण उभी राहते, आणि तोवर तीन वर्षे गेलेली असतात.

मग करावे काय? बारावीनंतरच ठरले असेल, तर धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांत बीए आणि एलएलबी एकत्र होते. हे विद्यापीठ २०१८ पासून जबलपुरातच आहे. तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी या वाटेपेक्षा एक वर्ष वाचते. पदवी आधीच झाली असेल, तर राणी दुर्गावती विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात नियमित एलएलबी करा आणि एमए इग्नूतून घ्या. इग्नूचे प्रादेशिक केंद्र शहरातच आहे. प्रवेशाच्या पावतीवर 'दूरशिक्षण' हा उल्लेख आहे ना, ते तिथल्या तिथे पाहा. लॉ कॉलेजलाही साध्या अर्जाने कळवून पोच घ्या. दोन्ही परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या, तर एमएचा पेपर पुढच्या सत्रात द्या, एलएलबीचा सोडू नका.

सनदेच्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात, ते पुढच्या आठवड्यात.